रांगेतल्यांना गूळ-पाणी

माझ्या मोठ्या दिरांच्या अंगणात दर निवडणुकीला एका पक्षाची लाल पाटी लागते आणि आमच्या अंगणात दुसऱ्याची निळी. दोन्ही घरं अटलांटाच्या उत्तरेला, एकाच सबडिव्हिजनमध्ये, म्हणजे इथल्या कॉलनीत, एकाच रस्त्यावर आहेत. त्यामुळे नवीन राहायला आलेल्यांना वाटतं की या दोन देशी कुटुंबांचं एकमेकांशी बोलणं नसावं. बोलणं भरपूर आहे. आमचं हे घर भाऊजींनीच बघून दिलं, मुलीच्या वेळी मला डिंकाचे लाडू जाऊबाईंनी करून घातले, आणि आजही आमच्या गाडीची बॅटरी उतरली की केबल घेऊन भाऊजीच येतात. फक्त टीव्हीवर त्यांच्या पक्षाचा एखादा पुढारी बोलायला लागला की माझ्या डोक्यात तिडीक जाते, आणि ते म्हणतात, "अगं, पूर्ण ऐकून तरी घे." मी पूर्ण ऐकते. पूर्ण ऐकल्यावर जास्तच चिडते.

माझा स्वभाव मुळात तापट आहे, ते मी नाकारत नाही. त्यात नोकरी सॉफ्टवेअर टेस्टिंगची. दुसऱ्याने लिहिलेल्या प्रोग्रॅममध्ये खोट कुठे आहे ते शोधायचं, हेच मी इतकी वर्षं केलं. त्यामुळे कुणी नवीन कायदा आणला की माझ्या मनात पहिला प्रश्न येतो, हा जाऊन कुणाच्या डोक्यावर आदळणार? भाऊजींच्या मनात येतो, यामागचा हेतू काय? आणि हेतू नेहमी छानच असतो. शाळेतल्या लायब्ररीतून पुस्तकं काढून टाकायची, हेतू मुलांचं भलं. गरिबांच्या आरोग्य विम्याला अटी घालायच्या, हेतू लोकांनी स्वतःच्या पायावर उभं राहावं. आमचा पक्षही काही धुतल्या तांदळासारखा नाही, त्यांच्यावरही मी ओरडते. पण भाऊजींचे लोक हसतमुखाने जे करतात ते माझ्या सहनशक्तीपलीकडचं आहे. भाऊजी स्वतः वाईट असते तर सोपं झालं असतं. ते तसे नाहीत, हीच तर माझी अडचण.

शेवटी नवऱ्याने नियम केला की जेवणाच्या टेबलावर राजकारण नको. मी तो पाळला. मी ओट्यापाशी उभं राहून बोलायला लागले.

आई, म्हणजे माझ्या सासूबाई, या भांडणात कधी पडल्या नाहीत. त्या आमच्याकडे राहतात, कारण आमच्याकडे खाली बेडरूम आहे, आणि दुपारच्या चहाला चालत भाऊजींकडे जातात. सासरे गेल्यावर मुलांनी त्यांना ग्रीन कार्डावर इथे आणलं, त्यालाही आता पुष्कळ वर्षं झाली. नातवंडं त्यांनी सांभाळली, इथलं ऊन-थंडी अंगवळणी पाडून घेतलं. पण जीव सगळा कऱ्हाडात. तिथे त्यांची धाकटी बहीण असते, आमची मावशी. या दोघींची आई लहानपणीच गेली आणि धाकटीला न्हाऊ-माखू घालण्यापासून शाळेत पोचवण्यापर्यंत सगळं थोरलीने केलं. मावशी त्यांना अक्का म्हणते. मावशीला मूलबाळ नाही, यजमान केव्हाच गेले, आणि अलीकडे ती विसरायला लागली होती. आधी गॅस बंद करायचा राहायचा, मग किल्ल्या, मग शेजारणीचं नाव.

आईंचं म्हणणं अगदी साधं होतं. "तिला मी आठवते आहे तोवर मला तिच्यापाशी जाऊन राहायचंय," त्या म्हणायच्या. "पाहुणीसारखी नाही. राहायचंच." अडचण ग्रीन कार्डाची होती. कार्डवाल्याने फार दिवस देशाबाहेर राहिलं की परत येताना उलटतपासणी, आणि कार्ड जायची भीती. दोन्ही मुलं इथे, त्यांनाही कायमचं सोडवेना. तेव्हा घरात एकमताने ठरलं की आईंनी सिटिझन व्हायचं. मग हवं तितकं तिकडे राहा, हवं तेव्हा परत या. माझं आणि भाऊजींचं एकमत झालेली अलीकडच्या काळातली ती बहुधा एकच गोष्ट. अर्ज गेला, बोटांचे ठसे झाले, मुलाखत दिवाळीनंतरची मिळाली. आईंनी मावशीसाठी मऊ स्वेटर आणि न घसरणारे मोजे आणून बॅगेत भरूनसुद्धा ठेवले.

आणि ऑक्टोबरात मतदान सुरू झालं.

इथे निवडणुकीच्या दिवसाआधीच काही आठवडे मतदान करता येतं. आमच्या सबडिव्हिजनच्या मागे लायब्ररी आहे, तिथे केंद्र होतं. एरवी आमच्या भागात रांग लागत नाही, पण त्या वर्षी पहिल्याच दिवशी ती दाराबाहेर येऊन पार्किंग लॉटला वळसा घालून फुटपाथवर आली. ऑक्टोबर असला तरी जॉर्जियातलं ऊन ते ऊनच. आई सकाळी तिकडून फिरून येतात. त्यांनी पाहिलं, काठी टेकून एक म्हातारा उभा आहे, एका बाईने पोटाशी बाळ बांधलंय, कुणी वर्तमानपत्राने वारा घेतंय. आणि एवढ्या माणसांना साधं पाणी कुणी विचारत नाही. त्या घरी आल्या. भाजी आणायच्या चाकांच्या पिशवीत पाण्याचे जग भरून ठेवले, कागदी पेले घेतले, इंडियन स्टोअरमधून आणलेल्या कोल्हापुरी गुळाची ढेप फोडून डब्यात खडे भरले आणि निघाल्या. आम्ही दोघं कामावर होतो.

आईंच्या माहेरी उन्हातून आलेल्याच्या हातावर आधी गुळाचा खडा ठेवायचे, तांब्याभर पाणी द्यायचे, आणि मगच कोण, कुठला, काय काम, ते विचारायचे. टपालवाला असो की जावई असो. त्यांनी रांगेतही तेच केलं. लोकांना आधी कळेना. एकाने विचारलं, ही फज आहे का? आईंनी मान डोलावली, कारण फज म्हणजे इथली बर्फीसारखी मिठाई, हे त्यांना ठाऊक नव्हतं आणि माणूस खातोय हे महत्त्वाचं. काठीवाल्या म्हाताऱ्याने म्हणे दोनदा मागून घेतलं.

आमच्या राज्यात हा गुन्हा आहे. मी गंमत करत नाही. मतदान केंद्राच्या जवळपास रांगेत उभ्या असलेल्या माणसाला खायला किंवा प्यायला द्यायचं नाही, असा कायदा काही वर्षांपूर्वी भाऊजींच्या पक्षाने केला. कारण दिलं की पाण्याच्या नावाखाली प्रचार होतो, मतं फिरवली जातात. तेव्हा ओट्यापाशी उभं राहून मी तासभर बोलले होते. रांगा लांब लागतात त्या कृष्णवर्णीयांच्या वस्त्यांत, आणि ते कुणाला मतं देतात, हे या राज्यात शेंबड्या पोरालाही माहीत आहे. भाऊजी म्हणाले होते, "लोक घरून बाटली आणू शकतात ना? नियम सगळ्यांना सारखा आहे. कायदा म्हणजे कायदा." त्यावर मी भांडी जरा जोरात घासली होती.

तर केंद्राचा प्रमुख बाहेर आला. गळ्यात ओळखपत्र, वयाने भाऊजींएवढा. त्याने अदबीने सांगितलं, "नो मॅम, थँक यू, प्लीज नो." आता आईंच्या जगात 'नको' असं पहिल्याच फटक्यात कुणी मनापासून म्हणत नाही. पाहुणा नको म्हणतो, आपण वाढतो. तो ताटावर आडवा हात धरतो, आपण बोटांच्या फटीतून वाढतो. नको ऐकून खरंच थांबलात तर घरी जाऊन तो सांगतो की यांच्याकडे साधा आग्रहसुद्धा झाला नाही. आईंनी त्याच्या तळहातावर गुळाचा मोठा खडा ठेवला आणि वर त्याची बोटं मिटली. तो पुन्हा नो म्हणाला. आईंना तो लाजाळू वाटला. तेवढ्यात पाणी संपलं म्हणून त्या घरी आल्या, आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळी परत गेल्या. त्यांनी रात्रभर विचार केला होता की त्याला कागदी पेले आवडले नसावेत, म्हणून या खेपेला स्टीलची फुलपात्रं नेली.

दुसऱ्या दिवशी मात्र भाऊजींच्या पक्षातर्फे देखरेखीला आलेली एक बाई तिथे होती. तिने तक्रार केली, प्रमुखाने काल दिलेली समज सांगितली, आणि पोलीस आला. आईंनी त्यालाही गूळ पुढे केला. त्याने नाव विचारलं, पत्ता विचारला, आणि जिवावर आल्यासारखं करत कोर्टाच्या तारखेची नोटीस हातात दिली. संध्याकाळी मी घरी आले तेव्हा आई कुकर लावत होत्या. "आज एका पोलिसाने सगळी चौकशी केली," त्या म्हणाल्या. "भला मुलगा होता. पाणी मात्र घेतलं नाही बाई." ती नोटीस त्यांनी फ्रिजवर मॅग्नेटने लावून ठेवली होती. मी ती उभ्या उभ्या दोनदा वाचली. चिडायचंसुद्धा सुचलं नाही. शिकागोला असलेल्या मुलीला फोन लावला, तर ती म्हणाली, "मॉम, इट्स लिटरली अ क्राइम हिअर. हाऊ डिड यू नॉट टेल हर?" खरंच होतं ते. ज्या कायद्यावर मी एवढी तोंडाची वाफ दवडली, तो आईंच्या कानावरून गेला होता आणि डोक्यात शिरला नव्हता. असला कायदा खरोखरीचा असेल असं त्यांना वाटलंच नव्हतं.

भाऊजी लगेच आले. नोटीस वाचून त्यांचा चेहरा उतरला. म्हणाले, "म्हातारं माणूस आहे, तिला काय कळतंय? हा कायदा तिच्यासाठी नाहीये." मी विचारलं, "मग कुणासाठी आहे?" नवऱ्याने माझ्याकडे बघितलं. तेव्हा आम्ही जेवणाच्या टेबलाशी होतो, मी उठून ओट्यापाशी गेले आणि पुन्हा विचारलं. भाऊजी फोन करायला बाहेर गेले. आमच्या भागाचा राज्य विधानसभेतला प्रतिनिधी त्यांच्या ओळखीचा होता, भाऊजींनी त्याच्यासाठी घरोघरी फिरून प्रचार केला होता. त्याच्या ऑफिसने सांगितलं की कोर्टाच्या कामात साहेब हात घालू शकत नाहीत. ते त्यांचं बरोबरच होतं, हे मला नाइलाजाने मान्य करावं लागलं. भाऊजींना मात्र ते फार लागलं.

वकिलाने आम्हाला दोन गोष्टी सांगितल्या. केस किरकोळ आहे, बहुतेक निघून जाईल. पण ती निघेपर्यंत आईंनी देशाबाहेर पाऊल टाकू नये. सध्या वॉशिंग्टनमध्ये बसलेल्यांचं धोरण असं आहे की ग्रीन कार्डवाल्यावर कसलीही केस असली की विमानतळावर काय होईल ते कुणीच सांगू शकत नाही. इतकी वर्षं आम्ही म्हणत होतो की हे सगळं कागदपत्रं नसलेल्यांसाठी आहे, आपण रीतसर आलेली माणसं. म्हणजे भाऊजी म्हणत होते, आणि खरं सांगायचं तर आतून मलाही तेवढाच दिलासा होता. आता आईंची भरलेली बॅग पलंगाखाली गेली.

दिवाळीला फराळ भाऊजींकडे असतो. निवडणूक होऊन गेली होती, त्यांचा प्रतिनिधी पुन्हा निवडून आला होता, आणि तो फराळाला आला. उंच, गोरा, हसरा, जाकिटावर झेंड्याची पिन. सगळ्यांना 'नमस्ते' करत होता. वाईट माणूस म्हणून दाखवावा असं त्याच्यात काही नव्हतं. मी ठरवलं होतं की आपण बोलायचं नाही. मग भाऊजींनीच आईंची ओळख करून दिली, आणि तो म्हणाला, "हो, मी ऐकलं. मला खरंच वाईट वाटलं. तुमच्यासारख्या व्यक्तीला त्रास व्हावा हा आमचा उद्देश कधीच नव्हता."

"मग कुणाला व्हावा हा होता?" मी विचारलं. आवाज अगदी शांत ठेवला होता, हे मुद्दाम सांगते.

तो चकली मोडत म्हणाला की कायदा माणूस बघून लागू करता येत नाही. मी म्हटलं, "तेच तर मी म्हणते आहे. तुम्ही कायदा लिहिलात तेव्हा तुमच्या डोळ्यांसमोर कुणीतरी माणूस असेलच ना, जो पाणी घेऊन येतो आणि ज्याला थांबवायला हवं. तो कसा दिसतो?" जाऊबाई बशा उचलायला लागल्या. तो म्हणाला की निवडणुकीवर सगळ्यांचा विश्वास बसायला हवा, आणि हा सामोसा अप्रतिम आहे. ती करंजी होती. भाऊजींचे कान लाल झाले होते. मला त्यांची दया आली, आणि दया आली म्हणून अजून राग आला.

आई मध्ये पडल्या. "पाहुण्याला आधी खाऊ दे गं," म्हणत त्यांनी त्याच्या बशीत अजून एक करंजी ठेवली. तो नो, नो, थँक यू म्हणाला. त्यांनी दुसरी ठेवली. त्याने बशीवर हात आडवा धरला. त्यांनी तिसरी त्याच्या हातातच दिली, तेव्हा मात्र त्याने हसत हसत खाल्ली. यावर मला बोलता आलं असतं. नवरा माझ्या मागे उभा होता आणि त्याचा हात माझ्या पाठीवर होता, म्हणून बोलले नाही.

मुलाखतीच्या आदल्या दिवशी भाऊजी आमच्याकडे आले. आईंसमोर खुर्चीवर बसले आणि खाली बघत म्हणाले, "आई, पोलिसांनी कधी काही नोटीस दिली का असं विचारतील. केस अजून उभीच राहिलेली नाही. नाही म्हणालीस तरी चालेल, असं मला वाटतं." कायदा म्हणजे कायदा म्हणणारा माणूस. पण त्या क्षणी मला ते तोंडावर फेकावंसं वाटलं नाही. त्यांना आईला बहिणीकडे पोचवायचं होतं, एवढंच. वकिलाने खरं सांगायला बजावलं होतं, पण ते आम्ही काही बोलायच्या आत आईच म्हणाल्या, "त्यांच्या घरात शिरताना पहिलं पाऊल खोटं टाकू? मला नाही जमायचं."

वयामुळे आईंना मराठीतून मुलाखत द्यायची परवानगी होती. दुभाषी म्हणून मराठी मंडळातल्या एक काकू बरोबर गेल्या होत्या, त्यांनीच नंतर आम्हाला पार्किंगमध्ये सगळं सांगितलं. इतिहासाचे, सरकारचे प्रश्न आईंनी पटापट सोडवले. नोटिशीचा प्रश्न आला तेव्हा त्यांनी गुळापासून फुलपात्रांपर्यंत सगळी हकीकत सांगितली, तो प्रमुख कसा लाजत होता तेसुद्धा. ऑफिसर बाई होती. ती हसली म्हणे. हसून म्हणाली की तुम्ही पास झालात, पण कोर्टाचा निकाल हातात आल्याशिवाय मला सही करता येणार नाही. काकूंनी ते भाषांतर करून सांगितलं तेव्हा आईंनी फक्त विचारलं, "निकाल कधी?" ते त्या खोलीत कुणालाच माहीत नव्हतं.

मग आम्ही वाट बघितली. कोर्टाची तारीख पुढे गेली, मग अजून पुढे. दर रविवारी सकाळी आई टॅबलेट पुढ्यात घेऊन कऱ्हाडला व्हिडिओ कॉल लावायच्या. मावशीच्या शेजारच्या काकू तिला कॅमेऱ्यासमोर बसवायच्या. सुरुवातीला मावशी खुशीत असायची. "अक्का, कधी येतेस? तुझ्यासाठी बिरड्या सोलून ठेवते." आई म्हणायच्या, "येते गं. एक सरकारी काम अडकलंय, ते झालं की निघाले." थंडी संपता संपता मावशी एका वाक्यानंतर थांबायला लागली आणि शेजारणीकडे बघून हळूच विचारायला लागली, कोण आहे? एकदा तिने शेजारणीलाच अक्का म्हणून हाक मारली. आईंनी टॅबलेट बंद केला, कपडे वाळवायच्या खोलीत गेल्या आणि बराच वेळ टॉवेलच्या घड्या घालत बसल्या. मी दारात उभी होते. "मी जातेच आता," त्या म्हणाल्या. "नको ते सिटिझन-फिटिझन." आम्ही सगळ्यांनी त्यांना थांबवलं. म्हटलं, एवढं थांबलात, आता थोडंच राहिलं. केस चालू असताना गेलात तर परत येता येणार नाही, मुलांना बघता येणार नाही. नवरा म्हणाला, भाऊजी म्हणाले, आणि मीही म्हणाले.

राग कुणावर काढायचा ते मला कळत नसे. भाऊजींशी भांडावं तर ते हल्ली भांडतच नसत. टीव्हीवर त्यांचा एखादा पुढारी सीमा, सुरक्षा, आपली माणसं असं बोलायला लागला की स्वतःच चॅनल बदलायचे. एका संध्याकाळी आमच्या ड्राइव्हवेमध्ये उभे राहून म्हणाले, "असं काही होईल असं मला वाटलं नव्हतं गं." मी म्हटलं, "तुम्ही ज्यांना मत देता त्यांनाही कधी वाटत नाही, भाऊजी." ते मान हलवून घरी गेले. पुढच्या निवडणुकीला त्यांच्या अंगणात पाटी लागलीच. जरा उशिरा लागली, एवढंच.

कोर्टात शेवटी काय झालं, तर काहीच झालं नाही. सरकारी वकिलाने फाइल उघडली, आईंकडे बघितलं, आणि केस काढून टाकायला हरकत नाही असं न्यायाधीशांना सांगितलं. बाहेर कॉरिडॉरमध्ये बसायला जेवढा वेळ लागला त्याच्या निम्मासुद्धा आत लागला नाही. भाऊजींनी सुटकेचा निःश्वास टाकला. मला मात्र तिथल्या बाकावर बसून रडू आलं, रागाने. एवढ्याशा गोष्टीसाठी थंडी गेली, वसंत गेला, आणि तिकडे एक बाई रोज थोडी थोडी पुसली जात होती. हा कायदा करताना हात वर करणाऱ्यांपैकी कुणाचंही यात काहीही गेलं नव्हतं. कुणाला कळणारसुद्धा नव्हतं.

उन्हाळ्यात शपथविधी झाला. आईंनी नारायणपेठ साडी नेसली, उजवा हात वर केला, हातात छोटा झेंडा घेऊन फोटो काढले. भाऊजींच्या डोळ्यांत पाणी होतं, माझ्याही. मग पासपोर्ट आला, आणि आता त्या परदेशी झाल्या म्हणून कऱ्हाडला जायला भारताचा व्हिसा काढावा लागला. त्यावर आई हसल्या. बऱ्याच दिवसांनी हसल्या.

त्यांना सोडायला मी बरोबर गेले. मावशीचा फ्लॅट पहिल्या मजल्यावर आहे. ती बाल्कनीजवळच्या खुर्चीत बसली होती, स्वच्छ पातळ, केस नीट विंचरलेले. आम्ही आत गेलो तशी तिने पाहुण्यांसमोर सावरतात तसा पदर सावरला. आई तिच्यासमोर वाकून म्हणाल्या, "आले गं मी."

"या, या," मावशी म्हणाली. "बसा ना. कुठून आलात?"

आईंनी हातातली पिशवी खाली ठेवली. मग म्हणाल्या, "अमेरिकेहून."

"अगबाई, माझी अक्का असते तिथे." मावशीचा चेहरा खुलला. "ती यायची आहे. काहीतरी सरकारी काम अडकलंय तिचं. झालं की निघणार आहे. तुमची भेट झाली का कधी?"

"झाली," आई म्हणाल्या. "बरी आहे ती. येईल."

शेजारच्या काकू स्वयंपाकघरात निघून गेल्या. तेवढ्यात माझा फोन वाजला. भाऊजी होते. तिकडे पहाट होती, ते जागेच असणार. आईशी बोलायचं म्हणाले, म्हणून मी फोन स्पीकरवर टाकून त्यांच्याकडे दिला.

"पोचलीस ना नीट? ओळखलं का मावशीने?" त्यांनी विचारलं.

"हो तर," आई म्हणाल्या. "दारात बघितल्याबरोबर ओळखलं. अक्का म्हणून हाक मारली."

त्यांनी फोन माझ्या हातात दिला, खुर्ची ओढून मावशीच्या शेजारी बसल्या आणि तिचा हात हातात घेतला. फोनवर भाऊजींचा आवाज एकदम मोकळा झाला होता. "बघ," ते मला म्हणाले, "शेवटी सगळं नीट झालं की नाही? उगाच वर्षभर एवढी चिडत होतीस."

आईंनी मान वर करून माझ्याकडे बघितलं.

"हो, भाऊजी," मी म्हणाले.